ठासणीचं पिस्तूल आणि छर्रे: आवाज मोठा, पल्ला तोकडा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बातम्यांत अधूनमधून एक ओळ ठरलेली असते: ‘संशयितांकडून ठासणीची बंदूक, छर्रे आणि दारू जप्त.’ शहरातला वाचक इथे अडखळतो. ठासणी म्हणजे काय? छर्रे म्हणजे जत्रेत फुगे फोडायला देतात तेच का? आणि बाटलीतली दारू शिकारीला कशाला न्यायची?

दुसरीकडे गावातल्या पोरांच्या मोबाईलवर परदेशातल्या हौशी नेमबाजांचे व्हिडिओ फिरत असतात. जुन्या घाटाचं हातभर पिस्तूल, नळीच्या तोंडातून आत ओतलेले मूठभर छर्रे, धडाम आवाज, पांढऱ्या धुराचा लोट आणि समोरच्या पुठ्ठ्याची चाळण. मग प्रश्न येतो की काजूच्या बागेतली माकडं पळवायला चार हात लांब बंदूक कशाला वागवायची? असलं पिस्तूल कमरेला लावून का फिरू नये?

कायदा त्याला ‘नाही’ म्हणतो, हे पुढे येईलच. पण कायदा घटकाभर बाजूला ठेवला तरी हे पिस्तूल त्या कामाचं नाही. का नाही, हे कळायला मुळापासून सुरुवात करावी लागेल.

ठासणी म्हणजे नेमकं काय

आजच्या बंदुकीत काडतूस मागून घालतात. त्यात दारू, छर्रे किंवा गोळी आणि पेटवणारी टोपी सगळं एकत्र बांधलेलं असतं. ठासणीच्या हत्यारात हेच काडतूस दर बाराला, म्हणजे दर वेळी उडवण्याआधी, नळीच्या आत हाताने रचावं लागतं. आधी तोंडातून मोजून दारू, तिच्यावर घट्ट बसणारी गादी, मग छर्रे, आणि छर्रे बाहेर सांडू नयेत म्हणून वर पातळ पुठ्ठ्याची चकती किंवा आणखी एक गादी. हे सगळं गजाने दाबून बसवायचं, म्हणजेच ठासायचं. गादी म्हणून आपल्याकडे चिंध्या, कागद, काथ्या असं जे हाताला लागेल ते वापरलं गेलं. परदेशी हौशी लोक नळीच्या मापाच्या लोकरी चकत्या विकत घेतात.

नळीच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची बोंडी असते. तिच्यावर केप, म्हणजे ठोका बसला की पेट घेणारी तांब्याची छोटी टोपी, बसवतात. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार उडतो.

या केपेचा इतिहासही पाखरांशीच जोडलेला आहे. त्याआधी चकमकीच्या बंदुका होत्या. त्यांत आधी बाहेरच्या पेल्यातली दारू भपकन पेटायची आणि क्षणभराने नळीतला बार उडायचा. पाणपक्षी तो जाळ बघूनच सटकायचे. स्कॉटलंडमधले पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांना शिकारीचा भारी नाद होता. याच वैतागातून त्यांनी ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचा उपाय काढला आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तांब्याची केप त्यानंतर काही वर्षांतच आली.

बातमीतली ‘दारू’ म्हणजे काळी दारू: सोरा, गंधक आणि कोळशाचं मिश्रण. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून थोडा जास्त भाग वायू न होता घनच राहतो. त्यातला काही धूर होऊन बाहेर पडतो, बाकीचा काजळीसारखा नळीला आतून चिकटतो. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत तिचा गंज किती लवकर होतो हे वेगळं सांगायला नको. ज्या दिवशी बार काढला त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवायची, खडखडीत सुकवायची आणि तेलाचा हात फिरवायचा. पावसाळ्यात ‘उद्या बघू’ म्हटलं की नळीचं नुकसान ठरलेलं.

छर्रे: शिशाचे थेंब

फुगे फोडायच्या एअरगनमध्ये जातो तोही छर्राच, पण तो एकेकटा, कमरेत बारीक असतो. आपण बोलतोय ते गोल, बारीक दाणे, जे एका बारात शंभर-दोनशे एकदम सुटतात. हे दाणे एकसारखे गोल कसे करायचे ही फार जुनी अडचण होती. ती ब्रिस्टॉलच्या विल्यम वॉट्स यांनी सोडवली. वितळलेलं शिसं उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात पाडलं की थेंब पडता पडता आपोआप गोल होतात. त्यांचं पेटंट १७८२ चं. पुढे यासाठी उंचच्या उंच मनोरेच बांधले गेले.

छऱ्याला नंबर असतो. नंबर जितका मोठा, दाणा तितका बारीक. अमेरिकी मापात ६ नंबरचा छर्रा सुमारे २.८ मिलिमीटरचा, साडेसात नंबरचा २.४ चा. ६ नंबरचे सुमारे २२५ दाणे एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, बसतात. इंग्रजी मापाचे आकडे थोडे वेगळे असतात, आणि एलजी, एसजी ही नावं मोठ्या दाण्यांसाठी आहेत.

आता खरी गोम इथे आहे. लग्नात मांडवाच्या शेवटच्या रांगेतून टाकलेल्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत कधी पोहोचतात का? पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या डोक्यावरच पडतात. त्याच ताकदीने सुपारी फेकली तर ती सरळ अंतरपाटावर जाऊन लागेल. दाणा निम्म्या जाडीचा केला की त्याचं वजन आठ पटींनी कमी होतं, पण वाऱ्याला अडणारं तोंड चार पटींनीच घटतं. म्हणजे वजनाच्या मानाने हवेचा अडथळा दुप्पट. बारीक छर्रा निघतो जोरात, पण त्याचा वेग हवेतच झपाट्याने मरतो. याला कोणतीही बंदूक अपवाद नाही.

मग पिस्तुलात काय बिघडतं

आधी नळीची लांबी. काळी दारू जळून वायू फुगत असतो तोवर तो छऱ्यांना ढकलत असतो. लांब नळीत हे ढकलणं बराच वेळ चालतं. पिस्तुलाच्या वीतभर नळीत छर्रे बाहेर पडतात तेव्हा वायूचा बराच जोर शिल्लक असतो, आणि तो तोंडाशी आवाज व जाळ होऊन वाया जातो. व्हिडिओत जे थरारक दिसतं, ते बरंचसं हे वाया गेलेलं बळच आहे.

दुसरं म्हणजे मापच लहान. ठोकळ हिशोबासाठी पिस्तुलात १५ ग्रॅम छर्रे धरू. ६ नंबरचे असतील तर ते साधारण १२० दाणे झाले. तोंड आवळलेलं नसलेल्या साध्या नळीतून निघालेले छर्रे दर मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर पसरतात, असा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे २० मीटरवर ६० सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ. त्याचं क्षेत्रफळ १२० दाण्यांत वाटलं तर एका दाण्याच्या वाट्याला पाच बाय पाच सेंटीमीटरचा चौकोन येतो. तीस मीटरवर हाच चौकोन सात बाय सातच्याही पुढे जातो. आणि हे दाणे अगदी सारखे पसरले असं धरून. प्रत्यक्षात कुठे पुंजका पडतो, कुठे मोठी भोकं राहतात. जुन्या पद्धतीच्या बारात छऱ्यांभोवती प्लॅस्टिकची वाटी नसते, त्यामुळे कडेचे दाणे नळीला घासून चपटे होतात आणि भरकटतात.

तिसरी गोष्ट एकेका दाण्याच्या ताकदीची. ६ नंबरच्या छऱ्याचं वजन सुमारे ०.१३ ग्रॅम. तो सेकंदाला २५० मीटर वेगाने निघाला असं धरलं तरी त्याची ऊर्जा चार ज्यूलच्या आतबाहेर येते, तीही नळीच्या तोंडाशी. साधी, परवाना न लागणारी एअरगन तिच्या एकेका छऱ्याला याहून जास्त ऊर्जा देऊ शकते. केसाळ, जाड कातडीच्या, क्विंटलभर वजनाच्या रानडुकराला हा दाणा काय करणार? मारणार नाही, पण जखमी मात्र करेल. आणि जखमी डुक्कर कसं अंगावर येतं, हे गावात कुणालाही विचारा.

नळीत आटे असतील तर नेम सुधारेल ना?

उलट बिघडेल. पुष्कळ पिस्तुलांच्या नळीत आतून पेचदार आटे कोरलेले असतात. एकच गोळी असेल तर ते तिला गरगर फिरवतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. पण छऱ्यांचा अख्खा गठ्ठाच फिरायला लागला की तोंडातून बाहेर पडताच प्रत्येक दाणा बाहेरच्या बाजूला फेकला जातो. पुठ्ठ्यावर कडं उमटतं आणि जिथे नेम धरला तो मधला भाग मोकळा राहतो. छऱ्यांसाठी नळी आतून गुळगुळीतच हवी.

कॅप-बॉल रिव्हॉल्व्हरमध्ये, म्हणजे फिरत्या चाकाच्या खान्याखान्यात बार ठासून केप लावायच्या पिस्तुलात, आणखी एक भानगड. एका खान्याचा बार उडाला की धक्क्याने शेजारच्या खान्यातले छर्रे पुढे सरकतात. चकती सैल असेल तर ते सांडतात आणि फिरणारं चाकच अडकवतात. त्यात खान्यांची तोंडं नीट बंद नसतील तर एका ठिणगीने शेजारचे खानेही पेटू शकतात.

दारू जास्त घातली तर?

हा प्रश्न हमखास येतो. उत्तर: पसारा वाढतो, पल्ला नाही. जादा वायू गादीला छऱ्यांच्या मधून घुसवतो आणि दाणे आणखी विस्कटतात. वर जो थोडासा वेग वाढतो, तो हवेच्या अडथळ्यात लगेच खर्ची पडतो. छऱ्यांच्या बाबतीत जुन्या लोकांचा ठोकताळा असा होता की दारू आणि छर्रे एकाच मापाने घ्यावेत आणि हात सैल सोडायचाच तर छऱ्यांकडे, दारूकडे नाही. नळी किती दाब सोसेल हा प्रश्न वेगळाच. गावठी, पाण्याच्या पाइपातून केलेल्या नळीबद्दल तर बोलायलाच नको.

याहून वाईट कल्पना म्हणजे काडतूस फोडून त्यातली आजची धूरविरहित दारू ठासणीत भरणं. फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये ही दारू यशस्वी केली. ती काळ्या दारूची सुधारित आवृत्ती नव्हे, तिचं गणितच निराळं आहे. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि दाब आणखी चढतो. काळ्या दारूसाठी केलेली नळी त्यात फुटते, आणि पिस्तुलाची नळी फुटते तेव्हा तिच्यामागे आपलीच बोटं आणि डोळे असतात.

नळी फुटण्याचं किंवा फुगण्याचं आणखी एक कारण कमी लोकांना माहीत असतं. छर्रे आणि गादी दारूवर पूर्ण टेकलेली नसली, मध्ये पोकळी राहिली, की दाब त्या जागी नळीला फुगवतो. म्हणून गजावर खूण करून ठेवायची पद्धत आहे: बार नीट बसला असेल तर खूण बरोबर तोंडाशी आली पाहिजे. आणि चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर तसंच थांबायचं. आत दारू धुमसत असू शकते. ‘काय झालं’ म्हणून तोंडात डोकावणारे डोळा गमावतात.

मग असली पिस्तुलं झालीच कशाला?

फार जवळच्या कामासाठी. इंग्रजी अमदानीत हत्तीवरून वाघाच्या शिकारीला जाणारे साहेब हौद्यात दोन नळ्यांचं, मोठ्या तोंडाचं आखूड पिस्तूल ठेवत. त्याला ‘हौदा पिस्तूल’ म्हणत. ते वाघ मारायला नेण्यासाठी नव्हतंच. वाघ हत्तीच्या अंगावर चढलाच तर हाताच्या अंतरावर झाडायचं ते शेवटचं साधन. त्यात बहुधा गोळी भरत. अमेरिकेतल्या ले मॅट यांच्या १८५६ च्या पेटंटच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नऊ गोळ्यांच्या मधोमध छऱ्यांसाठी जाड, गुळगुळीत नळी होती. तीही खोलीच्या लांबीएवढ्या अंतरासाठी.

आज परदेशात हौदा पिस्तुलाच्या नव्या प्रतिकृती मिळतात आणि लोक त्यातून डबे, फुगे उडवतात. त्यात मजा आहे, नाही कशाला म्हणा! पण ठासणीच्या हत्यारांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे बघा. तिथे पिस्तूल वापरतात ते बहुधा २५ मीटरवरच्या कागदी निशाणावर, एकेका गोळीने. हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायला छर्रे लागतात, आणि त्यासाठी तिथेही लांब नळीची बंदूकच खांद्याला लावतात. ज्यांचा हा धंदाच आहे, तेही छऱ्यांसाठी पिस्तूल निवडत नाहीत.

कायदा लांब नळीच का मागतो

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ बघितलं तर हे सगळं ओळखीचं वाटेल. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. ठासणीची पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर पिकासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. पिस्तूल या यादीत कुठेच नाही. लपवता येणारं हत्यार नको, हा त्यामागचा उघड हेतू. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तरी नुकसान काही नाही, कारण राखणीला पिस्तुलाचा उपयोगच नाही.

राखणीला बसणाऱ्यांना हे कायद्याच्या आधीपासून कळत होतं. आश्विनात भात पिवळं पडलं की माळ्यावर बसून रात्र काढायची आणि चाहूल लागली की ‘नुसतो बार काढलो तरी पुरे’. डुकरांचा कळप पळतो तो त्या दणदणाटाने. माझ्या मते ठासणीच्या बंदुकीचं शेतातलं खरं काम हेच आहे, आणि त्यासाठी नळीत छर्रे असायचीही गरज नसते. निवडणुकीच्या काळात बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात तेव्हा शेतकरी कुरकुरतो, तोही या आवाजासाठीच. ती कुरकुर मला रास्त वाटते.

परवाना आहे, मग डुक्कर मारलं तर काय हरकत?

इथे पुष्कळजण फसतात. बंदुकीचा परवाना गृहखात्याच्या बाजूचा, आणि जनावर मारण्याची परवानगी वनखात्याची. एक हातात असला म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका देणाऱ्या काही प्राण्यांबाबत परवानगी देण्याची सोय आहे, पण ती लेखी आणि आधी घ्यावी लागते. माकडावर ‘नुसते घाबरवायला’ छर्रे झाडणंही यात येतं, कारण जखमी करणं हीसुद्धा कायद्याच्या नजरेत शिकारच. पन्नास मीटरवरून झाडलेला छर्रा माकडाला मारत नाही, पण डोळा फोडतो, आणि ते जनावर पुढे आठवडे कुजत मरतं.

पाखरांचं तर बोलायलाच नको. छर्रे मुळात त्यांच्यासाठीच घडवलेले, आणि कवडे, हरियल, पाणकोंबड्या मारून खाणं हे कोकणात एकेकाळी सर्रास चालायचं. हरियल हा आज राज्यपक्षी आहे. वर शिशाचा प्रश्न: चिखलात पडलेले छर्रे पाणपक्षी वाळूचे खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. युरोपीय संघाने पाणथळ जागी शिशाचे छर्रे २०२३ पासून बंद केले ते यासाठीच.

माळ्यावर आजोबांचं जुनं पिस्तूल सापडलंय, त्याचं काय?

जुनं आहे म्हणून परवाना लागत नाही, हा समज चुकीचा. शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मधली सूट ज्या जुनाट हत्याराला आहे, ते दुरुस्त करूनही चालणार नाही असं असलं पाहिजे. नळी धड असेल आणि घोडा बदलून बार उडू शकत असेल, तर ते कायद्याने बंदूकच. अशा वेळी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. आधी चार लोकांना दाखवून, फोटो टाकून मग जाग येण्यात अर्थ नाही.

आणि जमा करायला नेण्याआधी एक गोष्ट. ठासणीचं हत्यार रिकामं करायचा सोपा मार्ग म्हणजे बार उडवणं, त्यामुळे पुष्कळ जुनी हत्यारं भरलेल्या अवस्थेतच बाजूला ठेवली गेली. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तेव्हा घोड्याशी खेळू नका आणि बोंडीवर केप असेल तर तिला हातही लावू नका. केप नसेल तर तोंडासमोर न येता एक लाकडी काडी नळीत हळूच, अडेपर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी नळीच्या बाहेरून लावून बघा. तिचं टोक बोंडीपर्यंत पोहोचत नसेल, दोन-तीन बोटं आधीच थांबत असेल, तर आत बार आहे असंच समजा. तो खरवडून काढायच्या फंदात पडू नका. पिस्तूल आहे तिथेच ठेवा आणि ठाण्यात फोन करून आधी हेच सांगा की ते भरलेलं आहे.